चाकू न लावलेले चेहरे

नोंद १
वस्तू: लोखंडी कपाटं, तीन. आत निगेटिव्ह, ३८,२१४.
ठिकाण: दड्डीकर फोटो स्टुडिओ, मागची खोली, गडहिंग्लज.
काळ: १९७८ ते १९९९.
स्थिती: वास येतो.
कर्ता (एकच नाव लिहावे):
शेरा (पस्तीस शब्दांत): वास व्हिनेगरचा आहे. जुनी फिल्म मरायला लागली की तिला असाच वास सुटतो, आणि एका फिल्मची वाफ शेजारच्या फिल्मला लागून तीही आंबते. माझ्या अंदाजाने या कपाटांना आणखी सहा वर्षं आहेत. त्यानंतर आत चेहरे नसतील, नुसते सुरकुतलेले

पस्तीस शब्द संपले.

मी रेवती दड्डीकर. वय सत्तेचाळीस, साल २०४३. हा स्टुडिओ माझ्या आजोबांनी, अण्णांनी (विनायक दड्डीकर) काढला. पुढची चार वर्षं या निगेटिव्हची सूची करणं हे माझं काम आहे. फॉर्ममध्ये शेऱ्याला जेवढी जागा ठेवली आहे तेवढ्यात ते मावत नाही, म्हणून रकाने मोडून लिहिते आहे.

फॉर्म कोल्हापूरच्या ‘चेहरावंश’ प्रकल्पाचा. तिथे जमिनीखाली एक थंड कोठार आहे, शून्याखाली अठरा अंश. त्यात ठेवलेली फिल्म तीनशे वर्षं टिकते. पण कोठार लहान आहे आणि महाराष्ट्रभरच्या स्टुडिओंची रांग मोठी. ते निवडून घेतात. निवडीचा नियम एकच, आणि तो ऐकल्यावर मला वाटलं, संपलं आपलं.

तो नियम पुढे येतोच.

नोंद २ (रद्द)
वस्तू: एकाच घराण्यातल्या मुली, ६११.
शेरा: ही नोंद यंत्राने केली. मी खोडली.

अण्णांनी पाकिटं तारखेप्रमाणे लावली नव्हती, गावांप्रमाणे लावली होती. बाजाराच्या दिवशी नूलची माणसं एका एसटीने यायची, महागावची दुसऱ्या. फोटो न्यायलाही गावातला कुणीतरी एकच जण यायचा आणि सगळ्यांचे घेऊन जायचा. त्यामुळे कपाटात नूलशेजारी नूल, नेसरीशेजारी नेसरी. मी सगळं स्कॅन करून चेहरे ओळखणाऱ्या यंत्राला म्हटलं, आता चेहऱ्यांवरून घराणी लाव. त्याने पंचवीस गावांतल्या सहाशे अकरा मुली उचलल्या आणि सख्ख्या बहिणी ठरवून एका घरात कोंबल्या.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. स्थळाला पाठवायचा फोटो काढायला आलेल्या प्रत्येक मुलीला अण्णा स्टुडिओतली एकच इरकल नेसायला द्यायचे. नथ एकच, ठुशी एकच, मागचा तळ्याचा पडदा एकच. यंत्र चेहरे सोडून साडी वाचत बसलं होतं.

पण त्याने खाली आणखी एक कारण दिलं होतं: ‘त्वचेची छटा समान.’

“ती छटा म्हणजे दड्डीकर उजेड,” बाबा म्हणाले.

बाबा म्हणजे मधुकर दड्डीकर, अण्णांचे चिरंजीव, वय पंच्याऐंशी. अण्णांनी उत्तरेच्या खिडकीला मलमलीचा दुहेरी पडदा लावून तो उजेड कसा साधला, यावर बाबांनी एक पुस्तिका लिहिली आहे. बेळगावहून माणसं त्या उजेडात बसायला यायची, हे तिच्या पहिल्या पानावर आहे. आणि शेवटच्याही.

नोंद ३
वस्तू: डॉक्टर, एक.

डॉ. तस्नीम मुजावर प्रकल्पाकडून तपासणीला आल्या. चहा यायच्या आत त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे चाकू किती टक्के?”

“म्हणजे?”

“चांगलं आहे, तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असणारे खोटं सांगतात.”

मग त्यांनी सांगितलं ते असं.

काही घराण्यांत रक्तात चरबी साठण्याचा दोष बापाकडून किंवा आईकडून पोराकडे येतो. अशा घरातली माणसं दिसायला धडधाकट असतात आणि पस्तिशी-चाळिशीत हृदय बंद पडून जातात. घरचे म्हणतात, नजर लागली. दोष लवकर कळला तर रोजच्या एका गोळीने माणूस म्हातारा होऊ शकतो. गावोगाव सगळ्यांचं रक्त तपासणं अजून कुणाला जमलेलं नाही. कुणाचं आधी तपासायचं, ते जुने फोटो सांगतात. अशा अनेकांच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, एक फिकट ठिपका असतो. आजोबा, काका, आत्या, तिघांच्या पापण्यांवर तो सापडला तर नातवाला फोन करायचा.

अडचण अशी की फोटो काढायला आलेल्या माणसाला नेमका तोच ठिपका नको असायचा.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. फोटोतलं काळं तिथे पारदर्शक, गोरं तिथे गडद. देवीचे व्रण किंवा डोळ्याखालची काळी सावली घालवायची तर रिटचिंग करणारा त्या पारदर्शक जागेवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरायचा. ती पेन्सिल वरच राहते, खालची चांदी जशीच्या तशी. पण फिकट ठिपका निगेटिव्हवर गडद असतो. तो घालवायचा म्हणजे चांदी कमी करायची, चाकूच्या टोकाने खरवडून. पेन्सिल पुसता येते. खरवडलेली चांदी परत येत नाही.

“म्हणजे तुम्हाला हवं असतं तेच चाकूखाली गेलेलं असतं,” मी म्हटलं.

“बहुतेक वेळा. दोन टक्क्यांहून जास्त निगेटिव्हना चाकू लागला असेल तर कोठारात जागा नाही.” त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. सहा मुली, सहाही लख्ख. “आणि तुमचे चेहरे जरा जास्तच स्वच्छ आहेत.”

“तो उजेड आहे,” बाबा म्हणाले.

“हो का,” डॉक्टर म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

नोंद ४
वस्तू: माणूस, हयात.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत एकवीस वर्षं एकाच बाईने रिटचिंग केलं. शिवलीला कोरी, आता त्र्याऐंशीच्या. सगळं गाव त्यांना लीलाक्का म्हणतं. कडगाव रोडला पुतण्याच्या घरी असतात. मी गेले तेव्हा सोप्यात बसून वाल सोलत होत्या.

“मधूची पोर न्हवं तू? नाकावरनं कळतंय.”

“अक्का, स्टुडिओत चाकू कोण चालवायचं?”

“कुणी न्हाई.”

“बाबा म्हणतात, सगळीकडे चालायचा, आपल्याकडेही असणारच.”

“तुझा बाबा म्होरं खुर्चीवर बसून गिऱ्हाइकास्नी हसा म्हणायचा. मागं काय चाललंय त्याला कसं कळणार? एकदा आत आला तर माझ्या पेन्सिलीवर बसला. धा दिवस उभ्यानं जेवत हुता.”

“मग फिकट डाग कसा घालवायचात? पापणीवरचा ठिपका, कोड?”

“घालवायचा कशाला? बुडवायचा.”

मला कळलं नाही हे त्यांना दिसलं. त्यांनी ताटातला एक वाल उचलून मधोमध ठेवला.

“ह्यो पांढरा डाग. आता ह्येच्याभवतीचं सगळं ह्येच्यागत पांढरं केलं, तर दिसंल व्हय? कपाळ, गाल, नाक, हनवट, समदं पेन्सिलीनं डागाच्या रंगावर न्यायचं. डागाला हात लावायचा न्हाई.”

“किती वेळ लागायचा?”

“अवघड चेहऱ्याला दोन दिवस.”

“आणि चाकूने?”

“धा मिंटं.”

“म्हणून सगळ्या मुली गोऱ्या?”

“डागवाल्या चारजणीच असायच्या गं. पर एक गोरी झाली की दुसरीची आई डोक्यावर बसतीच. माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय म्हणून.” त्यांनी वाल परत ताटात टाकला. “मग करायचं. सगळ्यांचं करायचं.”

मी तिथेच बसून राहिले. दड्डीकर उजेड उत्तरेच्या खिडकीतून येत नव्हता. तो या बाईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांतून येत होता.

“पण अक्का, दहा मिनिटांचं काम दोन दिवस का करायचं?”

“चाकू हाताला बसला न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. त्यापुढे त्यांनी मला फक्त चहा विचारला.

नोंद ५
वस्तू: थरवाचक. शिवणयंत्राएवढा. प्रकल्पाकडून, परत करण्याच्या बोलीवर.

यंत्र असं काम करतं. फिल्मवरचा जिलेटिनचा थर, ज्यात चांदीचे कण असतात, तो माणसाच्या केसाच्या सातव्या हिश्शाइतका जाड असतो. पेन्सिल धरावी म्हणून रिटचिंगवाले त्यावर राळेचं पातळ पाणी फिरवत. पेन्सिलीची पूड त्या राळेवर बसते. म्हणजे चांदी खाली, राळ मध्ये, पेन्सिल वर. थरवाचक डोळ्याला न दिसणारा प्रकाश आत सोडतो आणि तो किती खोलीवरून परत आला ते मोजतो. कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा एकेक थर वेगळा होतो. फिल्मला काहीही न करता.

डॉक्टरांनी बाबांना बोलावलं. मी अक्कांना रिक्षाने आणलं. दोघं पंचवीस वर्षांनी भेटत होते.

“काय मधू, बसतोस का बसून घेतलंयस?” अक्कांनी खुर्चीकडे बोट केलं.

“बघून बसतो हल्ली,” बाबा म्हणाले.

पहिली निगेटिव्ह महागावच्या मुलीची, १९८६. पडद्यावर आधी नेहमीचा फोटो आला: इरकल, नथ, उजळ चेहरा. डॉक्टरांनी वरचा थर काढून टाकला.

खाली एक सावळी मुलगी होती. नाकावर घाम, कपाळावर व्रण, उन्हातून चालत आलेली. डाव्या पापणीच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा फिकट ठिपका.

“हा अण्णांचा फोटो नाही,” बाबा म्हणाले.

“हाच अण्णांचा आहे, काका,” डॉक्टर म्हणाल्या. “कॅमेऱ्याने काढला तो हाच. आणि चांदी अख्खी आहे. एक कण हललेला नाही. आता मला एक बघायचंय. आपण कधी करत नाही, पण करू.”

त्यांनी चांदी काढून टाकली आणि फक्त पेन्सिल ठेवली.

काळ्या पडद्यावर निव्वळ रेघांचा चेहरा उभा राहिला. डोळे नव्हते, केस नव्हते, साडी नव्हती, कारण अक्कांनी तिथे हात लावलाच नव्हता. कपाळावर आडव्या रेघा, नांगरटीसारख्या. गालावर स्वल्पविरामाएवढ्या बारक्या, गोल गोल फिरत जाणाऱ्या. नाकाच्या कडेला त्या इतक्या दाट होत्या की उजेड तिथेच बसलाय असं वाटावं. पापणीपाशी मात्र कणीएवढी जागा कोरी. हजारो रेघा तिच्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या, तिला न शिवता.

डॉक्टरांनी रेघा मोजायला सांगितल्या. यंत्राने आकडा दिला: एकवीस हजार चारशे.

अक्का उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. आयुष्यभर त्यांनी हे काम उलटं पाहिलं होतं, काळ्याचं पांढरं, आरशातल्या उजेडावर, दोन इंच फिल्मवर. एवढं मोठं आणि सुलटं कधीच नाही. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

“हनवट घाईत झालीया,” त्या म्हणाल्या. “दुसरी लाव.”

डॉक्टरांनी दुसरी लावली. मग तिसरी. नवव्या चेहऱ्याला अक्का म्हणाल्या, “ह्यो बरा हाय.” बाबा तोवर बाहेर जाऊन फूटपाथवर उभे होते.

नोंद ६
वस्तू: भांडण. स्थिती: वापरात.

सगळी कपाटं यंत्राखालून जायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस आमच्या घरात एकाच रकान्यावर वाद चालला. कर्ता. एकच नाव लिहावे. प्रकल्पाच्या संगणकाला दुसरं नाव दिलं की तो अख्खी नोंद परत पाठवायचा.

“कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं?” बाबा.

“अण्णा.”

“मग झालं.”

“पण लोक ज्यासाठी यायचे ते कॅमेऱ्यात नव्हतं, बाबा.”

“उद्या विचारशील फिल्म कुणी बनवली. परवा विचारशील खिडकी कुठल्या सुताराची.”

“तुम्ही पुस्तिका लिहिलीत खिडकीवर.”

हे मी बोलायला नको होतं. बाबांनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरच्या पुस्तिकांचा गठ्ठा उतरवला, एक घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि गठ्ठा परत वर ठेवायला मला हाक मारली नाही. खुर्चीवर चढून स्वतःच ठेवला. पंच्याऐंशीच्या वयात.

नोंद ७
निकाल.
एकूण निगेटिव्ह: ३८,२१४.
पेन्सिल: २९,८७० वर.
चाकू: १.

डॉ. मुजावरांनी तो कागद दोनदा वाचला आणि मग मोठ्याने वाचला. “बावीस स्टुडिओ तपासलेत मी. आतापर्यंत सगळ्यात कमी चाकू होता दीड टक्का. इथे एक. टक्का म्हणत नाही मी. एक.” त्यांनी अक्कांकडे पाहिलं. “दोन कपाटं मागितली होती तुमच्यासाठी कोठारात, आता तिसरंही मागते. सगळं घेतोय आम्ही.”

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, अक्कांचा हात धरला. तो हात थंड होता.

“नूलचा हाय का त्यो?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी कागद बघितला. “नूल, १९७९. पाकीट एकशे सेहेचाळीस. तुम्हाला कसं माहीत?”

“एकच हाय म्हटल्यावर दुसरा कुठला असणार?”

मग अक्कांनी सांगितलं. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा, आणि बाबांसमोर.

“नूलचा मास्तर हुता. तिशीचा. पापणीवर ठिपका, बायको चिडवती म्हणला, तेवढा काढा. अण्णांनी बेळगावास्नं नवा चाकू आणला हुता. मी म्हटलं, बघू तरी. पयलीच येळ. ठिपका गेला, आन टोक घसरलं. डोळा फाटला. बाहुली पार गेली. मी घाबरून अण्णास्नी सांगितलं न्हाई. छापलेल्या फोटोवर ब्रशनं डोळा काढला. मास्तर खुश होऊन घेऊन गेला.”

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला.

“चार म्हैन्यानं त्येचा बाप आला. पोरगं शाळंत फळ्यापुढं पडलं आन गेलं, म्हणला. मोठा फोटो करून द्या, हार घालाय. मोठा करायचा तर निगेटिव्हमदनं करायला पायजे, आन निगेटिव्हमदी डोळाच न्हाई. अण्णांनी निगेटिव्ह बघितली, माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्याला म्हणले, पाण्यानं खराब झाली. म्हातारा म्हणला, त्येचा दुसरा फोटो न्हाई कुठं.” अक्कांनी पदराने तोंड पुसलं. “त्या घरात भिंतीवर बारका फोटो लावलाय न्हवं, त्यातला डावा डोळा माझा हाय. त्येचा न्हवं. त्याच सांजंला मी चाकू हिरण्यकेशीच्या पाण्यात टाकला. अण्णा कधी एक शब्द बोलले न्हाईत. दुसरा चाकू बी आणला न्हाई.”

डॉ. मुजावरांचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. “तिशीचा, पापणीवर ठिपका, फळ्यापुढे कोसळला,” त्या पुटपुटल्या. “रेवतीताई, नूलची बाकीची पाकिटं?”

पाकिटं गावाप्रमाणेच होती. मास्तरांचं आडनाव काढून धाकटा भाऊ शोधायला अकरा मिनिटं लागली. १९८८, सहकुटुंब. त्याचा चेहरा अक्कांनी दोन दिवस बसून गोरा केला होता. पेन्सिल उचलली. खाली, दोन्ही पापण्यांवर, ठिपका.

तो भाऊही एक्केचाळिसाव्या वर्षी गेल्याचं ग्रामपंचायतीतून कळलं. त्याचा नातू मात्र नूलमध्येच आहे. चौतीस वर्षांचा, शाळेत खेळ शिकवतो, आयुष्यात डॉक्टरकडे गेलेला नाही. डॉक्टरांनी फोन केला तेव्हा त्याला वाटलं कुणीतरी विमा विकतंय. तीन दिवसांनी त्याच्या रक्ताचा अहवाल आला. चरबी जेवढी असावी त्याच्या अडीचपट. त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली.

“दोन दिवस वाया जायचे म्हणून अण्णा कुरकुरायचे का?” मी अक्कांना विचारलं.

“न्हाई. गिऱ्हाईक कुरकुरायचं. अण्णा म्हणायचे, आमच्याकडं येळ लागतो.”

नोंद ८
कर्ता:

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मी संगणकासमोर, रकाना रिकामा. बाबा येऊन मागे उभे राहिले. मी त्यांच्याकडे वळले नाही.

“त्या यंत्रातून प्रत्येक थराचं चित्र वेगळं निघतं ना?” त्यांनी विचारलं.

“हो. चांदीचं वेगळं, पेन्सिलीचं वेगळं.”

“वेगळी फाइल?”

“वेगळी फाइल.”

“मग वस्तू दोन आहेत. नोंदी दोन कर. चांदीच्या थराचा कर्ता विनायक दड्डीकर. पेन्सिलीच्या थराचा…” ते थांबले. “लीलाचं पूर्ण नाव काय गं? साठ-पासष्ट वर्षं ओळखतो आणि मला तिच्या बापाचं नाव माहीत नाही.”

मी वळले. बाबांचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच, कुरकुरणारा.

“बाबा, एकोणतीस हजार आठशे सत्तर नोंदी वाढतील. दीड वर्षाचं काम.”

“आमच्याकडे वेळ लागतो,” बाबा म्हणाले. “आणि त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचीय. खिडकीचं प्रकरण बारीक करू. ती बसायची त्या मागच्या खोलीचा फोटो आहे का कुठं?”

नव्हता. अडतीस हजारांत एकही नव्हता.

मी अक्कांना फोन केला आणि पूर्ण नाव विचारलं. कशाला पाहिजे ते सांगितलं. पलीकडे त्यांनी कुणाला तरी कुकर बंद करायला सांगितलं.

“अक्का, कुठल्या फोटोपासून सुरू करू? महागावची ती मुलगी? का तुम्ही बरा म्हणालात तो नववा?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझं नाव लिवणार असशील तर पयला नूलच्या मास्तराचा घे. मग बाकीचं.”

“तोच कशाला? बाकीचे एवढे सुंदर—”

“बाकीचं त्येच्यामुळं झालं. लिव.”

नोंद ३८,२१५
वस्तू: पेन्सिलीचा थर. पाकीट नूल, १९७९, क्र. १४६.
कर्ता: शिवलीला मल्लाप्पा कोरी.
चाकू: आहे. डाव्या पापणीवरून डोळ्यात, एका जागी.
शेरा: पहिली नोंद हीच घ्यावी, असं कर्तीने स्वतः सांगितलं. यापुढच्या २९,८६९ थरांवर चाकू नाही.